यल्लाप्रगडा सुब्बाराव
यल्लाप्रगडा सुब्बाराव (१२ जानेवारी, इ.स. १८९५ – ऑगस्ट, इ.स. १९४८) हे भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म आंध्रातील भीमावरम येथे झाला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घातल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाचा रोष ओढवला आणि त्यांना एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी मिळाली. स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ दगावले होते.

नंतर ते बोस्टनला गेले. पुढे मायदेशी परतणे झालेच नाही. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासह त्यांनी फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली (१९२५). त्याच पद्धतीतून स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये पेशीतील ऊर्जेचे चलन असलेले एटीपी हाती लागले. एटीपीचा शोध त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही स्वतंत्रपणे लावला.

१९४० पासून ते लेडर्ले प्रयोगशाळेत होते. तेथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या तयार केले. स्प्रूवर गुणकारी ठरलेले हे जीवनसत्त्व त्यांच्या भावांसाठी मात्र फार उशिरा आले. हत्तीरोगावरील डायइथाइलकार्बामेझिन हेही याच चमूचे काम. पालघरसह महाराष्ट्रातील हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांत ते सामूहिक मोहिमांतून वाटले गेले आहे.

फॉलिक आम्लासारखी दिसणारी, पण पेशीला फसवणारी अमिनोप्टेरिन व मेथोट्रेक्सेट ही संयुगेही येथेच घडली. नव्या पेशींना डीएनए बांधण्यासाठी फॉलिक आम्ल लागते. ही संयुगे त्यातील विकर अडवतात. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये अमिनोप्टेरिन देऊन रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांमध्ये तात्पुरता उतार घडवला. श्रेय बहुतांशी फार्बर यांच्याच नावावर जमा झाले.

१९५१ मध्ये अमिनोप्टेरिन आमवातावर वापरून पाहण्यात आले. आमवातात शरीराची प्रतिकारपेशी स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. आज त्यावर मेथोट्रेक्सेट हे पहिल्या पसंतीचे औषध असून ते कर्करोगापेक्षा पुष्कळ कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच देतात. एवढ्या मात्रेत ते पेशी मारून काम करते असे मानले जात नाही. त्यामुळे पेशींबाहेर अ‍ॅडेनोसिन साठते. ते प्रतिकारपेशींवरील ग्राहींना चिकटते व दाहकारक प्रथिनांचे स्रवण घटते. अ‍ॅडेनोसिन हा एटीपीच्याच रेणूचा एक भाग आहे. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून रुग्णाला सोबत फॉलिक आम्लाच्या गोळ्याही देतात.

सुब्बाराव यांचे न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ५३व्या वर्षी निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९९५ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.