पेटन राऊस : कोंबडीच्या गाठीतून सापडलेला विषाणू



आज आपण अशा एका शास्त्रज्ञाची ओळख करून घेणार आहोत, ज्यांचा शोध १९११ साली छापून आला आणि त्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळालं १९६६ साली. वजाबाकी करून बघा. ५५ वर्षं! त्यांचं नाव पेटन राऊस.

राऊस यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८७९ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला. वडील लहानपणीच वारले. आईने तीन मुलांना घेऊन त्याच शहरात राहायचं ठरवलं, कारण तिथे शिक्षणाची सोय चांगली होती. राऊस यांना रानफुलांचा फार नाद. तरुणपणी ते बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात फुलांवर लेखही लिहीत. पुढे त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेतलं. तिथे शवविच्छेदन करताना क्षयरोगाने बाधित हाडाने त्यांचं बोट कापलं आणि त्यांनाच क्षय झाला. काखेतली गाठ शस्त्रक्रिया करून काढावी लागली. शिक्षण थांबवून ते वर्षभर टेक्सासमधल्या गुरांच्या कुरणावर राहिले, बरे झाले आणि १९०५ मध्ये डॉक्टर झाले. पण रुग्ण तपासण्यात त्यांचं मन रमेना. ते संशोधनाकडे वळले आणि १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कर्करोगाच्या कामावर रुजू झाले.

आणि मग ती कोंबडी आली.

काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, प्लायमाउथ रॉक जातीची. तिच्या छातीवर मोठी गाठ होती. राऊस यांनी त्या गाठीचे तुकडे त्याच वंशातल्या दुसऱ्या कोंबड्यांच्या शरीरात घातले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनाही गाठ झाली. इथपर्यंत फार नवल नव्हतं. जिवंत पेशी गेल्या, त्या वाढल्या. १९१० मध्ये त्यांनी हे छापलं.

खरी गंमत पुढच्या प्रयोगात आहे, म्हणून तो नीट समजून घ्या. राऊस यांनी गाठ वाळूबरोबर कुटली, द्रावणात मिसळली आणि ते पाणी अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळलं. ही गाळणी इतकी बारीक की पेशी सोडाच, जिवाणूसुद्धा पलीकडे जात नसत. आपण चहा गाळतो तेव्हा चोथा वर राहतो ना, तसंच. आता खाली फक्त स्वच्छ पाणी. त्यात एकही पेशी नाही. ते त्यांनी निरोगी कोंबड्यांना टोचलं, आणि त्यांनाही तशीच गाठ झाली!

म्हणजे गाठ निर्माण करणारं काहीतरी पेशीपेक्षा, जिवाणूपेक्षाही लहान होतं. आज आपण त्याला विषाणू म्हणतो. पण राऊस जपून लिहिणारे होते. १९११ च्या त्या प्रसिद्ध लेखात त्यांनी विषाणू असा ठाम दावा केला नाही. पेशींपासून वेगळा करता येणारा एक घटक, एवढंच म्हटलं.

तुम्हाला वाटेल, लगेच जगभर खळबळ उडाली असेल. छे! कर्करोग संसर्गाने होत नाही, असं डॉक्टरांचं पक्कं मत होतं. कोणी म्हणालं, ही खरी कर्करोगाची गाठच नव्हे. कोणी म्हणालं, गाळणीतून एखादी पेशी निसटली असेल. आणि बहुतेकांचं म्हणणं, कोंबडीचं माणसाला काय लागू? खरं तर १९०८ मध्ये डेन्मार्कमध्ये एलरमन आणि बँग या दोघांनी कोंबड्यांचा रक्ताचा कर्करोगही असाच गाळलेल्या द्रवातून पसरतो हे दाखवलं होतं. पण तो तेव्हा कर्करोगात धरला जात नव्हता.

राऊस यांनी कोंबड्यांच्या आणखी वेगळ्या प्रकारच्या गाठींतून असेच घटक वेगळे केले. प्रत्येक घटक आपल्याच प्रकारची गाठ तयार करी. मर्फी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी ती गाठ अंड्यातल्या गर्भावरही वाढवून दाखवली. पण उंदरांमध्ये काही केल्या असं काही सापडेना. शेवटी १९१५ च्या सुमारास त्यांनी हा विषयच सोडला.

मुलांनो, इथे मला राऊस यांचं विशेष वाटतं. विषय सोडला, पण ते रुसून बसले नाहीत. पहिलं महायुद्ध सुरू होतं. रक्त काढलं की गोठतं आणि साठवलं की तांबड्या पेशी फुटतात, ही मोठी अडचण होती. राऊस आणि टर्नर यांनी १९१६ मध्ये सायट्रेट आणि साखर यांचं द्रावण शोधलं. त्यात रक्त काही आठवडे टिकू लागलं. त्यांच्याच संस्थेत काम केलेल्या ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी १९१७ मध्ये युद्धभूमीवर असं साठवलेलं रक्त जखमी सैनिकांना दिलं. आज आपण ज्याला रक्तपेढी म्हणतो, तिची ही सुरुवात. त्याच वर्षी, १९१६ मध्येच, ट्रिप्सिन या पाचक रसाने ऊतीतल्या जिवंत पेशी सुट्या करण्याची पद्धतही राऊस यांनी एका सहकाऱ्याबरोबर छापली. आजही प्रयोगशाळांत पेशी वाढवताना ती वापरतात. पुढची काही वर्षं यकृत आणि पित्ताशयावर काम.

दुसरीकडे ते 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन' या नियतकालिकाचं संपादन करत होते. १९२१ पासून जवळजवळ अखेरपर्यंत! लेखातलं एकेक वाक्य तपासायचे. डीएनए हाच आनुवंशिकतेचा पदार्थ आहे हे दाखवणारा एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांचा १९४४ चा लेख याच नियतकालिकात, राऊस यांच्या हाताखालून छापला गेला.

१९३३ मध्ये रिचर्ड शोप यांना रानसशांच्या अंगावरच्या चामखिळींमध्ये विषाणू सापडला. त्यांनी पुढचा अभ्यास आपल्या मित्राकडे, म्हणजे राऊस यांच्याकडे सोपवला. ससा हा सस्तन प्राणी. आता कोंबडीची सबब उरली नाही. पन्नाशी ओलांडलेले राऊस वीस वर्षांनी पुन्हा कर्करोगाकडे परतले, आणि त्या चामखिळींचं पुढे कर्करोगात रूपांतर होतं हे त्यांनी दाखवून दिलं.

नोबेलसाठी त्यांचं नाव पहिल्यांदा सुचवलं गेलं १९२६ साली. गंमत बघा, त्याच वर्षाचं पारितोषिक फिबिगर यांना मिळालं. कृमींमुळे उंदरांना कर्करोग होतो असा त्यांचा शोध होता, आणि तो पुढे चुकीचा ठरला! राऊस यांना पारितोषिक मिळालं तेव्हा ते ८७ वर्षांचे होते. वैद्यकशास्त्रात इतक्या वयात ते आणखी कोणालाच मिळालेलं नाही. त्यांचे जावई ॲलन हॉजकिन यांना तर ते तीन वर्षं आधीच, १९६३ मध्ये मिळालं होतं.

एक प्रश्न वर्गात हमखास येतो, म्हणून मध्येच सांगते. राऊस यांचा विषाणू कोंबड्यांचा आहे, त्याने माणसाला कर्करोग होत नाही. आणि कर्करोगाच्या रुग्णाजवळ बसल्याने कोणालाही कर्करोग होत नाही. मात्र काही विषाणूंमुळे माणसात कर्करोग होऊ शकतो, हे आता सिद्ध झालं आहे. बाळांना दिली जाणारी हिपॅटायटिस बी ची लस यकृताच्या कर्करोगापासूनही संरक्षण देते.

आता राऊस यांची दुसरी बाजू. पेशीच्या स्वतःच्या जनुकांत बदल झाल्याने कर्करोग होतो, हे मत त्यांना कधीच पटलं नाही. नोबेल स्वीकारतानाच्या व्याख्यानातही त्यांनी त्याला विरोध केला. ज्यांच्यावर जगाने इतकी वर्षं विश्वास ठेवला नाही, तेच दुसऱ्यांच्या नव्या विचाराबद्दल इतके अविश्वासू कसे, असा प्रश्न मला पडतो. त्यांना पुरावा कमी वाटला, एवढं खरं.

१६ फेब्रुवारी १९७० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी जूनमध्ये हॉवर्ड टेमिन यांनी राऊस यांच्याच विषाणूवर काम करून दाखवलं, की हा आरएनए असलेला विषाणू स्वतःची माहिती डीएनएच्या रूपात उतरवू शकतो. डेव्हिड बाल्टिमोर यांनीही त्याच वेळी हा शोध स्वतंत्रपणे लावला. आणि १९७६ मध्ये बिशप, वार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाणूतलं गाठ करणारं जनुक शोधत शोधत निरोगी कोंबडीच्या पेशी तपासल्या, तर ते जनुक तिथे आधीपासूनच होतं! विषाणूने ते कधीकाळी कोंबडीकडूनच उचललं होतं. त्याला 'सार्क' म्हणतात. ते तुमच्या-माझ्या पेशींमध्येही आहे, आणि एरवी ते आपलं रोजचं काम निमूटपणे करत असतं.