अमरावतीचे भगवानदादा ‘अलबेला’ कसे झाले?

वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत खांदे उडवत, छोटी पावले टाकत कुणी नाचू लागले की जुन्या मंडळींना भगवानदादा आठवतात. या पडद्यावरच्या नाचऱ्या नायकाचा जन्म अमरावतीचा, हे मात्र अनेकांना माहीत नसते.

कोण होते भगवानदादा?
भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३. वडील गिरणी कामगार. भगवान मुंबईच्या कामगार वस्तीत वाढले, मजुरी केली आणि मूकपटांतून पडद्यावर आले. १९३८ मध्ये ‘बहादूर किसान’चे सहदिग्दर्शन केले. पुढे कमी खर्चाचे मारधाडपट काढले. १९४७ मध्ये चेंबूरला स्वतःचा जागृती स्टुडिओ उभारला.

जोडी कशी जमली?
नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून दोघांचे सूर जुळले.

‘अलबेला’त वेगळे काय होते?
मारधाड सोडून सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला राज कपूर यांनी दिला. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवानदादाच. नायिका गीता बाली. गीते राजेंद्रकृष्ण यांची. सी. रामचंद्र यांनी बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेटचा पाश्चात्त्य ठेका आणला, त्याच चित्रपटात लताबाईंची हळुवार अंगाईही दिली. भगवानदादांसाठी ते स्वतः ‘चितळकर’ नावाने गायले. गाणे एकाचे आणि नाच दुसऱ्याचा, हे प्रेक्षकाला जाणवतही नाही. चित्रपट तुफान चालला.

मग घसरण का झाली?
त्याच जोडीचा ‘झमेला’ (१९५३) ‘अलबेला’ची उंची गाठू शकला नाही. पुढच्या निर्मितीत पैसा बुडाला. किशोरकुमार यांना घेऊन सुरू केलेला ‘हँसते रहना’ अपुराच राहिला. जुहूचा बंगला आणि मोटारी विकाव्या लागल्या. मुक्काम दादरच्या चाळीत आला. पोटासाठी ते मिळेल ती छोटी भूमिका करत राहिले. बरेच जण दुरावले, पण सी. रामचंद्र आणि राजेंद्रकृष्ण चाळीत भेटायला येत. सी. रामचंद्र १९८२ मध्ये गेले. भगवानदादांनी ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरला जगाचा निरोप घेतला.

आज काय उरले?
रॉजर्स-हार्ट या गीतकार-संगीतकार जोडीवर हॉलिवूडने १९४८ मध्येच ‘वर्ड्स अँड म्युझिक’ काढला. आपल्याकडे मराठीत ‘एक अलबेला’ यायला २०१६ उजाडले. मंगेश देसाई भगवानदादा झाले. बंगला, मोटारी, स्टुडिओ सगळे गेले. वरातीतला तो नाच मात्र कुणाला विकत घेता आला नाही.