सी. रामचंद्र : जॅझच्या तबकड्या ऐकणारा ख्यालाचा विद्यार्थी

मुंबई, १२ जानेवारी : जॅझ संगीताची पहिली तबकडी १९१७ साली अमेरिकेत ध्वनिमुद्रित झाली. त्यानंतर वर्ष पूर्ण होण्याआधीच, १२ जानेवारी १९१८ रोजी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. गोदाकाठच्या या गावाचा न्यू ऑर्लिन्सच्या बँडवाल्यांशी काही संबंध असण्याचे कारण नव्हते. तो संबंध पुढे सी. रामचंद्र या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या या संगीतकाराने जोडला.

बालपणीचे संस्कार पूर्णतः शास्त्रीय संगीताचे होते. नागपूर येथे शंकरराव सप्रे आणि पुणे येथे गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे त्यांनी गायनाचे धडे घेतले. उमेदीची पहिली वर्षे मात्र पडद्यावर चेहरा झळकवण्याच्या आशेत गेली. 'नागानंद' या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली, पण चित्रपट अपयशी ठरला. सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असतानाच त्यांची पेटीवरील हुकूमत सर्वांच्या लक्षात आली आणि ते बुंदू खान व हबीब खान या संगीतकारांचे साथीदार झाले. स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचे पहिले काम तमिळ चित्रपटांसाठी होते. १९४२ साली मित्र भगवान पालव, म्हणजेच मास्टर भगवान, यांच्या 'सुखी जीवन'पासून हिंदीतील वाटचाल सुरू झाली.

त्या काळातील मुंबईच्या हवेत जॅझ भरून राहिले होते. १९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. त्यांच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आले, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. नंतर महायुद्धाने अमेरिकी सैनिक भारतात आणले आणि त्यांच्यासोबत त्यांचे संगीतही आले. हॉटेलातील नृत्यदालनाचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते, तबकडीला मात्र असा मज्जाव नव्हता. ७८ फेऱ्यांच्या त्या लाखेच्या थाळीवर एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. चित्रपटगीतालाही तेवढाच अवकाश होता. अमेरिकी वादकांनी या अवकाशात प्रारंभीचा तालबद्ध घोष, मधला एकल वादनाचा तुकडा आणि शेवटची उसळी कशी बसवली आहे, हे बारकाईने ऐकणाऱ्या संगीतकारासाठी प्रत्येक नवी तबकडी म्हणजे रचनेचा एक स्वतंत्र पाठ होता.

रामचंद्र हे असे ऐकणारे होते. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदाचा त्यांच्यावरील प्रभाव अभ्यासक आवर्जून नोंदवतात. गुडमन यांचे स्विंग म्हणजे जॅझचे नृत्याला साजेसे, झुलत्या लयीचे रूप. सॅक्सोफोन, गिटार आणि माउथ ऑर्गन यांचा एकत्रित वापर त्यांच्या गीतांत याच सुमारास दिसू लागला. १९४७ च्या 'शहनाई'तील रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणाऱ्या गीतात त्यांनी चक्क शिटी वाजवली आणि ते गीत देशभर गाजले. अनेक जाणकारांना ते रुचले नाही. विनायकबुवांच्या शिष्याने असे काही करावे, याचे अनेकांना वैषम्य वाटले.

मात्र त्यांचे कुतूहल एका शैलीपाशी थांबणारे नव्हते. १९५० च्या 'समाधी'तील लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांचे 'गोरे गोरे' हे लॅटिन अमेरिकी वळणाचे गीत कार्मेन मिरांडा यांनी १९४५ च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटात गायिलेल्या गीतावरून बेतलेले आहे. ही सरळ उचल होती आणि तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही. पोर्तुगालमध्ये जन्मलेल्या ब्राझीलच्या गायिकेने पोर्तो रिकोवर गायिलेले इंग्रजी गीत भारतातील लग्नाच्या वरातींत बँडवर वाजू लागले, ही गंमत निराळीच! पण रामचंद्र यांचे खरे सामर्थ्य दिसते ते चाल उसनी न घेता शैली आत्मसात केलेल्या गीतांत, आणि त्यासाठी १९५१ च्या 'अलबेला'कडेच वळावे लागते.

'अलबेला'मागे आणखी एका कलावंताचा श्वास आहे. गोव्यातील हळदोणे येथे १९१६ साली जन्मलेले आंतोनियो शावियेर वाझ हे मुंबईच्या जॅझविश्वात चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध होते. लुई आर्मस्ट्राँग यांना आदर्श मानून त्यांनी आपले ट्रंपेटवादन घडवले, इतके की त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हटले जाई. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जात असल्याने तेथील वादक मुंबईच्या स्टुडिओंचा कणा बनले होते. संगीतकाराने पेटीवर चाल गाऊन दाखवायची, गोमंतकीय वाद्यसंयोजकाने ती पाच रेषांवर उतरवून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहायचा आणि मग सर्वांनी एकाच दालनात गायकासह एकदम वाजवायचे, अशी कामाची रीत होती. एक स्वर चुकला तरी सारे पुन्हा पहिल्यापासून. चिक चॉकलेट रामचंद्र यांचे सहायक झाले आणि तबकडीतून ऐकलेल्या ध्वनीला जिवंत वादक लाभले.

'शोला जो भडके' या गीतात बोंगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र येतात. बोंगो क्यूबाकडचे, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन स्विंगच्या वळणाचे, ओबो युरोपीय अभिजात वाद्यवृंदातले, आणि त्या सर्वांवर चितळकर या नावाने स्वतः रामचंद्र व लता मंगेशकर यांचे युगुलगान. ऐकणाऱ्याला यात परकेपणा जाणवत नाही, कारण चालीचा मूळ पिंड हिंदुस्थानी आहे. चिक आणि त्यांचे वादक या चित्रपटात पडद्यावरही दिसतात. याच चित्रपटात 'धीरे से आजा री' ही पिलू रागाच्या छायेतील अंगाईही आहे. एका हाताने बोंगो आणि दुसऱ्या हाताने अंगाई देणाऱ्या या संगीतकाराला जॅझसाठी आपले शास्त्रीय शिक्षण बाजूला ठेवावे लागले नाही.

पुढच्याच वर्षी 'शिन शिनाकी बूबला बू' या चित्रपटात त्यांनी स्कॅट गायनाचा प्रयोग केला. स्कॅट म्हणजे निरर्थक अक्षरांतून गळ्याने वाद्यासारखे गाणे. आर्मस्ट्राँग यांच्या १९२६ च्या एका तबकडीमुळे ही पद्धत अमेरिकेत लोकप्रिय झाली होती. तराण्याची अक्षरे गात वाढलेल्या विद्यार्थ्याला ती फारशी अनोळखी वाटली नसावी.

नेमक्या याच काळात वाद पेटला. १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते पुण्यात जन्मलेल्या डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले. शास्त्रीय संगीताचे निस्सीम उपासक असलेल्या केसकरांना चित्रपटगीतांतील पाश्चात्त्य वळण अभिरुचीला घातक वाटे. लवकरच आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. केसकरांच्या भूमिकेची आज थट्टा होते, पण तिच्यामुळे अनेक अभिजात कलावंतांना राष्ट्रीय व्यासपीठ मिळाले, हेही खरे. रामचंद्र यांनी उत्तर दिले ते रचनेतून. १९५३ च्या 'अनारकली'तील भीमपलास अंगाचे 'ये जिंदगी उसी की है' हे गीत ऐकल्यावर त्यांना रागसंगीत कळत नाही, असे म्हणण्याची सोय उरली नाही.

चार वर्षांनी ते पुन्हा नव्या ध्वनीकडे वळले. जॅझ आणि ब्लूजच्या मुशीतून निघालेले रॉक अँड रोल तेव्हा नुकतेच जगभर पसरू लागले होते. १९५७ च्या 'आशा'तील 'ईना मीना डीका' किशोरकुमार आणि आशा भोसले यांनी स्वतंत्रपणे गायिले. मुलांच्या खेळातील बडबडीवरून मुखडा सुचला आणि गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी त्यात कोकणीतील नकाराचे शब्द मिसळले, असे सांगितले जाते. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबर रोजी, विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीते आकाशवाणीवर परतली.

त्यानंतर हिंदीतील काम ओसरत गेले. वाद्यवृंदाचा नवा डौल घेऊन आलेल्या तरुण संगीतकारांनी बाजारपेठ काबीज केली. त्यांच्या वाद्यमेळांतही गोमंतकीय वादकच होते, ही त्यातील विसंगती. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लता मंगेशकर यांनी गायिलेले कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगो' हे त्यांचे सर्वाधिक परिचित गीत ठरले. त्यात ट्रंपेटच्या खोडकरपणाला जागा नव्हती. मराठीत ग. दि. माडगूळकर यांच्यासह 'गीतगोपाल', १९७० चा 'घरकुल' आणि १९७७ मधील 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र ही त्यांची उत्तरकाळातील देणगी.

चिक चॉकलेट १९६७ साली निवर्तले. सी. रामचंद्र यांचे ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा चौसष्टावा वाढदिवस एका आठवड्यावर आला होता. 'अलबेला'च्या जुन्या तबकड्या संग्राहकांकडे आजही सापडतात. त्यांच्यावर गायक म्हणून चितळकर आणि संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, अशी एकाच माणसाची दोन नावे छापलेली असतात. ट्रंपेट कोणी वाजवला, हे त्यांवर कुठेही नसते.