आटे गेले, फ्रेम नाही! सायकलच्या दुकानातून कारखाना उभारणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

देहूरोडहून पिंपरी किंवा चाकणच्या दिशेने सायकलने कामाला जात असाल, तर हा प्रकार तुम्हाला नवा नाही. कॅरिअर हलायला लागतं, आपण पाना घेऊन जोर लावतो आणि बोल्ट नुसता गोल फिरत राहतो. आटे गेले! मग कोणीतरी सांगतं, फ्रेमच बदल. जरा थांबा. आटे परत पाडता येतात. आणि सायकलच्या एका दुकानातून किती लांब जाता येतं, हेही वाचून घ्या.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकलेची आवड म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते. पेंटिंग सुटलं. यंत्रांच्या ड्रॉइंगला मात्र रंग लागत नव्हते! ते शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले.

दुकान बेळगावात, खरेदी मुंबईत

१८८८ मध्ये भाऊ रामूअण्णांसोबत त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा त्या विकायचे. गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचं कामही रामूअण्णांकडेच. दुरुस्तीही दुकानातच व्हायची.

पुढे मुंबईच्या नोकरीत हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि थेट बेळगाव गाठलं. आता पगार नव्हता. होतं ते दुकान आणि हातातलं कसब.

मग आटे कसे वाचवायचे?

आज बहुतेक सायकलींच्या फ्रेमवर बाटलीचा स्टँड, मडगार्ड, कॅरिअर यांच्यासाठी एम-५ बोल्ट असतो. म्हणजे जाडी ५ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर.

- आटे नुसते गंजलेत किंवा रंगाने भरलेत? एम-५ चा टॅप घ्या आणि तेल लावा. टॅप सरळ धरून अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं फिरवा. जबरदस्ती केली तर टॅप आतच तुटेल.
- आटे पूर्ण झिजलेत, पण भोवती धातू भरपूर आहे? ५ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक मोठं करून एम-६ चे आटे पाडा.
- मूळ बोल्टच ठेवायचाय? तारेच्या गुंडाळीसारखा इन्सर्ट बसवून घ्या.
- कार्बनची फ्रेम असेल तर स्वतः ड्रिल लावू नका, जाणकार मेकॅनिककडे न्या.

नवा बोल्ट आधी हाताने फिरवा, पाना नंतर. वाकडा सुरू झालेला बोल्टच आटे खातो.

बोल्ट कुठूनही आणला तरी बसतो, याचं श्रेय प्रमाणित आट्यांना. आधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी सगळ्यांसाठी एकच मोजमाप सुचवलं. आपण वापरतो ते मिलिमीटरचे आटे नंतरचे.

नांगर विकला जाईना

लक्ष्मणराव सायकलींवर थांबले नाहीत. कडबा कापायची यंत्रं झाली, मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांना होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

त्यातच नगरपालिकेच्या योजनेमुळे बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली. उभं केलेलं सगळं उचलून न्यायचं कुठे? औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी सुरू झाली. यंत्रांसोबत तिथे कामगारांची वस्तीही वसली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. त्याआधी, १९४६ मध्ये, खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं काम सुरू झालं होतं. देहूरोडहून पुण्याकडे जाणारी लोकल पकडलीत तर खडकी वाटेतच लागतं.

तेव्हा पुढच्या वेळी बोल्ट गोल फिरला, की फ्रेम भंगारात द्यायच्या आधी टॅप मागवा. रंग, नोकरी, जागा हातातून गेली तरी लक्ष्मणरावांनी उरलेल्यातूनच पुढचं काम काढलं. तुमची फ्रेम तर अजून शाबूत आहे.