कोंड्यासकट कणीक : गांधीजींच्या आहाराची गोष्ट



२ ऑक्टोबरच्या भाषणात आपण मुलांना मीठ, चरखा आणि चष्मा सांगतो. गांधीजींचं पोट मात्र कोणी सांगत नाही. खरं तर सांगायला हवं. बद्धकोष्ठाने त्रासलेला हा माणूस आयुष्यभर स्वतःच्या ताटावर प्रयोग करत राहिला, आणि त्यातले काही महत्त्वाचे प्रयोग आपल्या वाडीपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर, वर्ध्याला झाले.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म १८६९ साली पोरबंदरला झाला. लंडनला बॅरिस्टर होऊन १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथे वकिली उत्तम चालली, पण डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ पाठ सोडेना. सकाळचा नाश्ता बंद केल्यावर डोकं थांबलं, पोट काही सुधारलं नाही. पुढे जोहान्सबर्गच्या घरी त्यांनी सात पौंडांना लोखंडी हातचक्की विकत घेतली. एकट्याला ती जड जायची, दोघं मिळून सहज फिरवत. घरातली मुलंसुद्धा दळायला हात लावत. त्या जाड्याभरड्या, न चाळलेल्या पिठाची भाकर रोज घरीच होई.

आता मुलं विचारतील, कोंड्यात असं काय असतं? कोंडा म्हणजे गव्हाचं साल. त्यातला चोथा, म्हणजे तंतुमय भाग, आपल्याला पचत नाही, आणि त्याचं काम नेमकं इथेच आहे. तो पाणी धरून ठेवतो, मळ मऊ आणि भरघोस होतो, आतडं त्याला सहज पुढे ढकलतं. डाळी, पेरू, ओट्स यांतला विरघळणारा तंतू वेगळा. आतड्यातले उपयोगी जीवाणू त्याच्यावर जगतात. १०० ग्रॅम अख्ख्या गव्हाच्या कणकेत साधारण ११ ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनच्याही आत. डब्यातली बिस्किटं आणि नूडल्स मैद्याचीच, हे वेगळं सांगायला नको.

पण गांधीजींची गोष्ट इतकी सरळ नाही, म्हणूनच ती मला वर्गात सांगावीशी वाटते.

१९१८ मध्ये खेड्याला असताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू असा होता. तिथे जबरदस्त आव झाली. हवापालटासाठी माथेरानला नेलं, तर तिथलं पाणी जड. गुदद्वाराला चिरा पडल्या होत्या. शौचाच्या वेदनांमुळे जेवायचीच भीती वाटू लागली. शेवटी मुंबईत डॉ. दलाल यांनी शस्त्रक्रिया केली, आणि कस्तुरबांच्या आग्रहाने बकरीचं दूध सुरू झालं. आपल्या वर्गातही शौचाला जायची भीती वाटणारी मुलं असतात. ती पाणी कमी पितात, दिवसभर रोखून धरतात, आणि दुखणं वाढवतात.

१९२९ मध्ये त्यांनी आणखी एक टोक गाठलं. चूलच बंद! मोड आलेलं धान्य, कच्च्या भाज्या, सगळं न शिजवता. काही आठवड्यांतच पुन्हा आव झाली. प्रयोग सोडला, आणि फसल्याचं आपल्या साप्ताहिकात उघडपणे लिहिलंही. चोथा चांगला म्हणून एकदम ताटभर वाढला तर पोट फुगतं, दुखतं. तो थोडा थोडा वाढवावा लागतो आणि सोबत पाणी लागतं. नुसता कोंडा आणि पाणी कमी, तर बद्धकोष्ठ उलट वाढतं. मुलाच्या शौचात रक्त असेल किंवा पोट सतत दुखत असेल, तर मात्र घरचे प्रयोग नकोत. सरळ डॉक्टरांकडे जावं.

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेचं नाव मगनवाडी. गांधीजी स्वतः तिथे राहिले. जात्यावरचं पीठ, हातसडीचे तांदूळ, सोयाबीन, कच्चा पाला, सगळं तिथे खाऊन पाहिलं जायचं. मुळ्याचा, गाजराचा पाला लोक फेकतात, तो खावा असं ते लिहीत. गिरणीतला पांढराशुभ्र तांदूळ आणि पीठ गावाच्या हातचं काम आणि अन्नाचा कस दोन्ही नेतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा भर क्षार आणि जीवनसत्त्वांवर होता. तंतूंचं महत्त्व डेनिस बर्किट या डॉक्टरांनी आफ्रिकेतल्या अनुभवावरून जगापुढे ठासून मांडलं ते १९७० च्या दशकात. आपल्या आज्या पावसाळ्यात तरोट्याची आणि एरवी अंबाडीची भाजी भाकरीसोबत वाढत, त्यांना तर यातलं कोणतंच नाव ठाऊक नव्हतं.

१९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना त्यांनी आरोग्यावर छोटं गुजराती पुस्तक लिहिलं. गव्हाचा कोंडा चाळून टाकू नये, हे त्यात आहेच. बैठं काम करणाऱ्याचं रोजचं प्रमाणही दिलंय. धान्य सहा औंस, पालेभाजी तीन, इतर भाज्या पाच, कच्ची भाजी एक. म्हणजे १७० ग्रॅम धान्याला सुमारे २५५ ग्रॅम भाजी. कच्चं एवढंसंच, १९२९ नंतर शिकलेलं असावं. आपल्या मुलांच्या डब्यात दोन पोळ्यांसोबत भाजी किती असते, ते एकदा वजनकाट्यावर मोजून बघा.