घड्याळाचं वय नंबरावरून कळतं, पण शिलालेखाचं? हे गणित सोडवणारे पुण्याचे शं. बा. दीक्षित

पुण्याच्या जुन्या बाजारात एखादं भारी स्विस घड्याळ हाती लागलं, तर जाणकार माणूस आधी त्याचं मागचं झाकण उघडायला लावतो.

आतला सीरियल नंबर बघतो. केस चांदी-सोन्याची असेल तर तिच्यावरचा छाप बघतो. काट्यांवरचा चमकणारा रंग रेडियमचा आहे की ट्रिटियमचा, तेही बघतो, कारण १९६० च्या दशकात रेडियम मागे पडलं आणि ट्रिटियम आलं. या सगळ्या खुणा एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर घड्याळ अस्सल. एक जरी खूण फटकून वागली, तर डायल किंवा काटे नंतर बदललेत असं समजायचं.

पण हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर सीरियल नंबर कुठून येणार?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एका मराठी शिक्षकानं आयुष्य घातलं. त्यांचं नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

त्यांचा जन्म १८५३ चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुडचा. महर्षी कर्वे ज्या गावात वाढले, तेच हे मुरुड. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले. मॅट्रिक झाले, पण परिस्थितीमुळे पुढची पदवी काही घेता आली नाही. वेगवेगळ्या गावांतल्या शाळांत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात जुने ज्योतिषग्रंथ, पंचांगं आणि आकाश यांचा हिशोब मांडायचा, हा त्यांचा दिनक्रम.

त्या काळी इतिहासकारांपुढे एक मोठा पेच होता. गुप्त राजांच्या लेखांवर वर्षांचे आकडे असायचे, पण हे वर्ष मोजायला सुरुवात कधी झाली यावर एकमत नव्हतं. तज्ज्ञांच्या अंदाजांत दोनशे वर्षांहून जास्त फरक पडत होता. म्हणजे समुद्रगुप्त, कुमारगुप्त नेमके कधीचे, हेच अधांतरी.

जॉन फ्लीट हे ब्रिटिश अधिकारी गुप्तांचे लेख संपादित करत होते. त्यांना गणित करणारा माणूस हवा होता आणि तो दीक्षितांच्या रूपानं मिळाला.

मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात एरण नावाचं गाव आहे. तिथल्या बुधगुप्ताच्या काळातल्या स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असं कोरलेलं आहे.

गंमत या वाराची आहे. तिथी चंद्र-सूर्यावर चालते, वार मात्र सात दिवसांनी फिरत राहतो. त्यामुळे वर्ष चुकीचं धरलं, तर तिथी आणि वार सहसा जुळत नाहीत. दीक्षितांच्या गणितात ही तारीख २१ जून ४८४ निघाली, आणि तो वार गुरुवारच होता!

अर्थात, योगायोगानंही सातात एकदा वार जुळू शकतो. म्हणून एकाच लेखावर न थांबता इतर लेखांतल्या तारखाही तपासल्या गेल्या. घड्याळाच्या बाबतीत नंबर, छाप आणि रंग ताडून बघतात, तसंच हे. फ्लीट यांना मंदसोरच्या लेखाचा पुरावाही मिळाला होता. या सगळ्यांतून गुप्त शकाचा आरंभ इ. स. ३१९-२० च्या सुमारास पक्का झाला. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये आला.

त्याच सुमारास दीक्षितांनी स्वतःच्या मोठ्या ग्रंथाचा मजकूर पूर्ण केला. त्याला दक्षिणा प्राइझ कमिटीचं बक्षीसही मिळालं, पण ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ छापून यायला १८९६ उजाडलं. त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल यांच्यासोबतचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघालं. भारतीय तिथीवरून इंग्रजी तारीख कशी काढायची, हे त्यात कोष्टकांसह दिलं होतं. जुन्या लेखांवर काम करणाऱ्यांच्या टेबलावर ते पुढे कित्येक वर्षं राहिलं.

त्यांनी याहून अवघड वस्तूलाही हात घातला : वेदवाङ्मय. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचा उल्लेख आहे. आज पुण्यातून पाहिलं तर कृत्तिका बरोबर पूर्वेला नाही, साधारण २५ अंश उत्तरेकडे उगवतात. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सरकत जातात. मग कृत्तिका अगदी पूर्वेला कधी उगवत होत्या? दीक्षितांचं उत्तर होतं, इ. स. पूर्व ३००० च्या आसपास.

आकाशाचं गणित बरोबर होतं. वाद आहे तो वाक्याच्या अर्थावर. ते प्रत्यक्ष निरीक्षण होतं की जुनी आठवण, की ढोबळ विधान? बहुतेक अभ्यासक आज शतपथ ब्राह्मण याच्या बरंच नंतरचं मानतात. नंबर नीट वाचला, पण तो सुटा भाग मूळ घड्याळातलाच आहे का, असा हा प्रश्न.

१८९४ पासून दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होते. १८९८ मध्ये पुण्यातच त्यांचं निधन झालं, तेव्हा ते अवघे ४४ वर्षांचे होते. छापील ग्रंथ हातात येऊन दोनच वर्षं झाली होती.

पंचांग प्रत्यक्ष ऋतूंशी जुळलं पाहिजे, म्हणजे सायन असलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. १९५७ मध्ये भारत सरकारनं राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तिचं वर्षमान सायनच आहे. पुढे त्यांच्या मराठी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतरही सरकारनं प्रसिद्ध केलं.

इतिहासाच्या पुस्तकात गुप्त राजांपुढे छापलेली वर्षं आपण पाठ करतो. ती पक्की करण्यात एका मराठी शाळामास्तरचा हात होता, हे मात्र त्या पुस्तकांत सहसा लिहिलेलं नसतं.