मोलोकाईच्या कड्याखालीं

पॅसिफिक महासागरांतील हवाई द्वीपसमूहांत मोलोकाई नांवाचें एक बेट आहे. आमच्या सह्याद्रीप्रमाणें तेंही ज्वालामुखीच्या रसापासून बनलेल्या काळ्या पाषाणाचें. मात्र तेथील ज्वालामुखीचा उत्तरेकडील भाग अतिप्राचीन काळीं समुद्रांत कोसळला आणि मागें तीन हजार फुटांहून उंच असा ताठ कडा उभा राहिला. पुढें एका लहान ज्वालामुखीनें त्या कड्याच्या पायथ्याशीं सपाट भूमीची एक जीभ समुद्रांत सोडली. तीन बाजूंस खवळलेला सागर, चवथ्या बाजूस कडा! सृष्टीनें बांधलेल्या या तुरुंगांत हवाईच्या सरकारनें १८६६ सालापासून महारोग्यांना नेऊन सोडण्यास आरंभ केला. त्या काळीं रोगावर औषध नव्हतें हें खरें. तरीही तो कायदा आम्हांस निष्ठुर वाटतो.

१० मे १८७३ रोजीं फादर डेमियन येथें उतरले. त्यांचा जन्म बेल्जममधील त्रेमेलो गांवीं ३ जानेवारी १८४० रोजीं झाला. मुलानें व्यापार करावा अशी वडिलांची इच्छा होती. हवाईस जावयाचें ठरलें होतें तें वस्तुतः त्यांच्या थोरल्या बंधूंचें. ते आजारी पडले म्हणून हे निघाले, व १८६४ मध्यें होनोलुलूस त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली.

कलावाओ येथें पहिल्या रात्रीं त्यांनीं केवड्याच्या जातीच्या एका झाडाखालीं काढल्या. त्यांच्यापूर्वीं तेथें नुसती अनागोंदी होती असें पुष्कळदां लिहिलें जातें, तें सर्वस्वीं खरें नव्हे. रोग्यांचें स्वतःचें एक प्रॉटेस्टंट प्रार्थनामंदिर १८७१ मध्येंच उभें राहिलें होतें. परंतु डेमियन सुतारकामांत तरबेज. त्यांनीं घरें बांधलीं, नळानें पाणी आणलें, जखमा धुतल्या, शवपेट्या ठोकल्या, खड्डेही खणले. एकदां वरिष्ठांस भेटण्यासाठीं ते होडींतून गलबताजवळ गेले, तों त्यांना वर चढूं देईनात. तेव्हां होडींतूनच मोठ्यानें त्यांनीं आपला पापांगीकार केला!

१८८४ च्या डिसेंबरांत ऊन पाण्यांत पाय बुडविला असतां कातडीस फोड आले, पण वेदना झाली नाहीं. काय तें ते समजले. तरीही चार वर्षांहून अधिक काळ त्यांचें काम चालूच राहिलें. १५ एप्रिल १८८९ रोजीं, वयाच्या ४९ व्या वर्षीं, ते निवर्तले व त्याच झाडाखालीं त्यांना पुरलें.

रोग्यांना वेगळें ठेवण्याचा कायदा १९६९ मध्यें रद्द झाला. डेमियन यांचा देह १९३६ मध्येंच बेल्जमला नेला होता. १९९५ मध्यें त्यांचा उजवा हात तेवढा परत आणून कड्याखालच्या मूळ कबरींत ठेवण्यांत आला.